शहाडचा दगडी हौद

विश्राम भोईरने एकदा डूख धरला की तो सोडवणं देवालाही जमलं नसतं. माजिवड्याच्या मिठागरात राबणारा माणूस, उन्हाने रापून काळाठिक्कर झालेला, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर खाडीपल्याडच्याने ओ द्यावी. स्वतः तो कधी मातीत उतरला नाही. पण गावच्या तालमीचा पैलवान कुठे लढायला निघाला की हलगी गळ्यात अडकवून विश्राम सगळ्यांच्या पुढे. पैलवान बिचारा दोन घटका लढायचा आणि घरी जाऊन झोपायचा. विश्राम तीच कुस्ती वर्षभर लढायचा, चावडीवर, मिठागरात, जेवता जेवता पानावर. त्याची बायको गोदा म्हणायची, "यांच्या कालवणात मीठ कमी पडलं तरी त्यात यांना शहाडवाल्यांचा हात दिसतो."

शहाड म्हणजे कल्याणच्या पुढे, उल्हास नदीच्या काठावरचं गाव. बारा वर्षांमागे तिथल्या जत्रेत विश्रामचा धाकटा भाऊ भिवा शेवटची कुस्ती लढला. भिवासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करायचे. कुस्ती रंगात आली, दोघे लोळत कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेला गेले, आणि शहाडच्या पंचाने हात वर केला. भिवाची पाठ लागली म्हणे. भिवा म्हणाला, नाही लागली. विश्राम तर घसा फाटेस्तोवर ओरडला. पण पंच बोलला तो निकाल. वर शहाडच्या टवाळांनी भिवाच्या मागे नदीच्या घाटापर्यंत फुटक्या पराती बडवल्या.

ती बातमी भिवाच्या आधी घरी पोचली. महिन्याभरात त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीचा बाप म्हणाला, ज्याच्यामागे पराती वाजल्या तो जावई मला नको. भिवाने लंगोट खुंटीला टांगला तो कायमचाच. मिठागरात यायचा, मान खाली घालून काम करायचा, संध्याकाळ झाली की आपल्या खोलीचं दार ओढून घ्यायचा. आणि विश्राम? शिमग्यात कोणी सावकाराच्या नावाने बोंब मारी, कोणी तलाठ्याच्या. विश्राम बारा वर्षं शहाडच्या नावाने बोंबलला. पोरंसोरं हसायची. तो हसत नसे.

पुढे राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्याच साली शहाडकरांनी नवा हौद बांधला. तिथल्या श्रीपादराव नावाच्या कंत्राटदाराने पैसा ओतला. चारी बाजूंनी घडीव दगडाच्या पायऱ्या, वर पन्हळी पत्रे, बायकांना बसायला वेगळा सज्जा, पैलवानांना अंघोळीला आतच विहीर. असं काही कुणी ऐकलेलंही नव्हतं. माजिवड्याच्या चावडीवर चार दिवस दुसरा विषय नाही.

"पत्र्याखाली कुस्ती? उद्या म्हणतील पैलवानाच्या डोक्यावर छत्री धरा," एकजण म्हणाला.

"दगडावर बसून बूड थंड पडलं की माणूस ओरडतो का कधी? कुस्ती बघायची तर मातीत बसून."

"त्यांना पैलवान मिळंना, म्हणून दगड रचले," हे विश्रामचं मत, आणि ते त्याने सात-आठ वेळा सांगितलं.

होडीवाला लिओनार्ड तेवढा वेगळं बोलला. "बघायला काय जातंय? आमची प्रार्थनेची इगर्जी फिरंग्यांनी बांधली म्हणून आम्ही बाहेर उभे राहतो का?" त्याचं बोलणं सगळ्यांना पटलं, कारण जायचं तर सगळ्यांच्याच मनात होतं. नावं ठेवायलासुद्धा आधी बघून यावं लागतं.

मग शहाडहून आमंत्रणाचा नारळ आला. नव्या हौदातली मानाची कुस्ती माजिवड्याच्या तानाजीशी, त्यांच्याकडून गोविंदा नावाचा वीस वर्षांचा पोरगा. आणि सोबत निरोप, पाव्हण्यांनी आपला एक पंच आणावा. विश्राम तिथल्या तिथे उठून उभा राहिला. म्हणाला, मी जाणार. त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते त्याने घरी लपवलंही नाही.

"त्यांचाच हौद, त्यांचीच माणसं," तो गोदाला म्हणाला, "आणि तिथेच त्यांच्या पोराची पाठ लावतो की नाय बघ. नुसत्या तोंडाने लावतो."

भिवा ओटीवर मिठाची टोपली विणत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, तू पंच नको होऊस."

"तुझ्यासाठीच चाललोय रे मी."

भिवा टोपली विणत राहिला.

चैत्रातल्या भरतीबरोबर लिओनार्डच्या होड्या कोलशेतच्या बंदरावरून निघाल्या. चाळीस-पन्नास माणसं, हलग्या, भाकऱ्यांची गाठोडी. वाटेत सगळ्यांनी ठरवलं, काय वाटेल ते होवो, तोंडातून वाहवा काढायची नाही. आणि शहाडला हौदात पाऊल टाकताक्षणी निम्मे लोक आ वासून उभे राहिले. पायरीवर पायरी, अशा नऊ पायऱ्या. कुठूनही बघा, मधली माती तळहातावर धरल्यासारखी समोर. माती तर काय, लाल, चाळलेली, ताक-तेल-हळद घालून मुरवलेली. कोणीतरी पुटपुटलं, "साली, आपली तालीम म्हणजे ह्याच्यापुढे गोठा." विश्रामने त्याला कोपराने ढोसलं. पण खोटं कशाला बोला, डोळे त्याचेही हटेनात. एवढं देखणं वैऱ्याच्या दारात असावं, याचा त्याला संताप आला. ठीक आहे, तो मनात म्हणाला. जेवढी उंच पायरी तेवढी जास्त माणसं बघतील.

शहाडचे नाथा वस्ताद त्याला सामोरे आले. साठी ओलांडलेला माणूस, कान मोडलेले, चाल अजून पैलवानाची. त्यांनी विश्रामला पाणी दिलं, शेजारी बसवलं आणि नव्या हौदाचे नियम समजावले.

"पाव्हणे, इथे कुस्तीआधी दोघांच्याही पाठी राखेने कोरड्या पुसायच्या. आणि दुसरं, दोन पंचांचं जमलं नाही तर पाव्हण्याचा शब्द धरायचा. आमचा नाही."

"असा उलटा नियम कशाला?" विश्रामने विचारलं.

वस्ताद म्हणाले, "बारा वर्षं झाली. तुमच्याच बाजूचा एक मीठवाला पैलवान आलेला. फार देखणा गडी. तेव्हा पंच मीच होतो. त्याच्या दोन्ही खांद्यांवर मातीचा थर बघितला आणि मी हात वर केला. मग जाताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पोरा वाईट वाटून घेऊ नको म्हणून. रात्री जेवायला बसलो, तर बोटांना उंडीच्या तेलाचा वास. तेव्हा डोक्यात उजेड पडला. घामावरची माती झटकली की पडते. तेलावरची पडत नाही. पोरगा नुसता कधी या, कधी त्या कुशीवर लोळलेला, आणि मी त्याला चीत ठरवलं."

विश्रामच्या हातातला तांब्या तसाच राहिला. खारं पाणी अंगाला झोंबतं, म्हणून मिठागरात उतरण्याआधी जो तो पाठीला उंडीचं तेल चोळतो. सकाळी उठून तोंड धुतात तितकं ते अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी पहाटे भिवाला पुढ्यात बसवून, लाडाने, रगडून रगडून त्याच्या पाठीला तेल चोळलं होतं ते विश्रामनेच. गावात एकालाही त्यात वावगं दिसलं नव्हतं.

"मग कळवायचं होतं," तो कसाबसा म्हणाला.

"आठ दिवसांनी माणूस पाठवलेला. तुमच्या वेशीवर कोणीतरी त्याला दगड मारून हाकलला. डोकं फुटून परत आला. पुन्हा जायला कोणी तयार होईना." वस्ताद उठले. "तो पोरगा कुठे असतो हो? आज पहिला नारळ त्याच्या हातात द्यायचा होता."

"माहीत नाही," विश्राम म्हणाला. दगड मारणारा हात कुणाचा, हे तर त्याला चांगलंच माहीत होतं.

आता एखाद्याला वाटेल, झालं, राग विरघळला. अहो, बारा वर्षं पोसलेला राग असा विरघळतो होय? तो दुसरी जागा शोधतो. हलग्या कडाडायला लागल्या, तानाजी आणि गोविंदा मातीत उतरले, राखेने पाठी पुसून झाल्या, आणि विश्राम आपल्याच मनाशी भांडत बसला. तेल मी चोळलं, कबूल. पण पराती कोणी बडवल्या? हसलं कोण? भिवाचं लग्न मोडलं ते तेलाने मोडलं का? चूक कळली म्हणून काय झालं, बारा वर्षं कोण भरून देणार? जितकं तो बोलत गेला तितकं त्याला पटत गेलं.

गोविंदा चपळ निघाला. तानाजी वजनाने भारी, पण पोरगा त्याच्या हाताला लागेना. शेवटी तानाजीने ढाक मारली, गोविंदा उडाला आणि विश्रामच्या पायांशी येऊन पडला. उजवा खांदा मातीत. डावा वर, चांगला चार बोटं वर. पडल्या पडल्या तो मासळीसारखा पालथा झाला. एवढ्या जवळून आंधळ्यालाही दिसलं असतं.

विश्रामने हात वर केला. "लागली पाठ."

पलीकडून नाथा वस्ताद म्हणाले, "नाही लागली."

"लागली," विश्राम दुसऱ्यांदा म्हणाला. गोविंदा उठून उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडे पाठ केली. उजव्या खांद्यावर माती. डावा राखेने पुसलेला, तसाच स्वच्छ. नऊ पायऱ्यांवरच्या माणसांनी तो बघितला. एवढ्या मोठ्या हौदात कोणी खोकलं नाही. नाथा वस्ताद विश्रामकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पाव्हण्याचा शब्द," आणि मानाचा फेटा तानाजीच्या हातात दिला. तानाजीने तो डोक्याला बांधला नाही. काखेत मारला.

ओहोटीबरोबर होड्या परतल्या. अर्धे लोक हलग्या बडवत होते, विश्राम सगळ्यात जोरात. तानाजी टोकाला बसून पाण्यात बघत होता. दिवेलागणीला विश्राम घरात शिरला तो थेट भिवापुढे.

"फेडलं रे सगळं. त्यांच्याच हौदात त्यांच्याच पोराला चीत केला."

"पाठ लागलेली?" भिवाने विचारलं.

विश्राम हसला. "मी लागली म्हटलं ना."

"पराती वाजल्या?"

"नाय. गप बसले सगळे." मग न राहवून त्याने वस्तादांची सगळी गोष्ट सांगून टाकली, तेलाची, माणूस पाठवल्याची, आणि वेशीवरच्या दगडाचीसुद्धा. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

"तेलाचं मला त्याच दिवशी कळलेलं," भिवा म्हणाला. "घाटावर अंघोळ करताना माती सुटेना, तेव्हाच."

"मग बारा वर्षं बोलला का नाहीस तू?"

"बोललो असतो तर तुला तुझ्याच नावाने बोंब मारावी लागली असती. मला वाटलेलं, ओरडून ओरडून दमशील." मग त्याने विचारलं, "त्या पोराचं लग्न झालंय?"

विश्रामला शहाडच्या पायऱ्यांवर कानावर पडलेलं आठवलं. "वैशाखात आहे म्हणत होते."

भिवा उठला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला तो लिओनार्डच्या होडीत बसला. विश्राम गुडघाभर चिखलात उतरून होडीला धरून उभा, "अरे, तिथे जाऊन काय सांगणार तू?"

"जे झालं ते. तू येतोस का? शब्द तू दिलास, तूच परत घे."

विश्रामने होडी सोडली.

भिवाने शहाडला जाऊन सांगितलं, आधी वस्तादांना, मग गोविंदाच्या होणाऱ्या सासऱ्याला. लग्न वैशाखात ठरल्या दिवशी लागलं. नाथा वस्तादांनी भिवाला परत येऊ दिलं नाही, तालमीतली पोरं त्याच्या हवाली केली. पुढच्या चैत्रात माजिवडा पुन्हा कुस्तीला गेला, आणि विश्रामने बघितलं, समोरच्या पायरीवर, शहाडवाल्यांच्या मधोमध, भिवा बसलेला. अंगाने भरलेला, शेजारच्याशी हसत बोलत होता.

"भिवा," विश्रामने हाक मारली. त्या आवाजाने पत्रे थरथरले, सगळा हौद वळून बघायला लागला. "इकडे ये, आपल्या माणसांत बस."

भिवाने त्याच्याकडे बघितलं. मग तो पायरीवर थोडा सरकला, शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि तिच्यावर हात ठेवून वाट बघत राहिला. मधे वीस पावलांची माती होती, आणि नाथा वस्ताद पाठी पुसायची राख घेऊन मधोमध उभे होते. सगळं शहाड बघत होतं, सगळा माजिवडा बघत होता.

विश्राम उठला नाही. कुस्त्या संपेपर्यंत भिवाने त्या जागी कोणाला बसू दिलं नाही.