साप गेला कुठे?

“साप गेला कुठे?” ग्रॅहमने तिसऱ्यांदा विचारलं. ग्रॅहम आमचा प्रोड्यूसर. मी शॉट परत मागे नेला.

स्क्रीनवर केनियातलं माळरान होतं आणि त्यात सेक्रेटरी बर्ड नावाचा शिकारी पक्षी. धड गरुडाचं, पाय करकोच्याचे. हा आकाशातून झडप घालत नाही. गवतातून चालत जातो आणि सापाला लाथांनी मारतो. आमच्या पक्ष्याने साप मारला, चोचीत उचलला. पुढच्या शॉटमध्ये तो बाभळीवरच्या घरट्यात उतरतो. पिल्लू आ वासून बसलेलं आणि चोच रिकामी.

मी वन्यजीवनावरच्या फिल्म्स एडिट करते. रोज स्टॅनमोरहून ट्यूब ट्रेन पकडते आणि लंडनमधल्या एका अंधाऱ्या खोलीत बसून आफ्रिकेतलं ऊन बघते. लोकांना वाटतं, कॅमेरा पक्ष्यामागे धावतो आणि गोष्ट आपोआप तयार होते. तसं काही नसतं. शिकार एका दिवशीची, घरटं आठवड्यानंतरचं. कॅमेरामनकडून आलेल्या कच्च्या चित्रणाला आम्ही रशेस म्हणतो. त्यातले तुकडे जोडून एक सलग दुपार उभी करायची, हे माझं काम.

“प्रेक्षक विचारणार,” ग्रॅहम म्हणाला. “डिनर वाटेत सांडलं का?”

“बघते.”

रशेसमध्ये एक शॉट सापडला. पक्षी घरट्याकडे येतोय, चोचीत काहीतरी लांब, वाकडं, काळपट. ऊन त्याच बाजूचं, उडण्याची दिशाही तीच. एडिटरला आणखी काय हवं? मी तो मधे टाकला. कट असा चपखल बसला की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. ग्रॅहम “लव्हली” म्हणाला आणि चहा आणायला गेला.

दोन दिवसांनी नीना आली. नीना फॅक्ट-चेकर. फिल्ममधलं प्रत्येक वाक्य आणि प्रत्येक चित्र खरं आहे ना, हे ती तपासते. तिच्या सहीशिवाय आमची फिल्म पुढे सरकत नाही. ती लंडनजवळच्या स्लाऊत जन्मली, तिथेच वाढली. मराठी तिने हट्टाने टिकवलीय, ‘तो-ती’ चुकलं तरी माझ्याशी मराठीच बोलते.

“वैशाली, धिस इजन्ट अ स्नेक. हा काठी आहे.”

“काठी?”

“घरटं रिपेअर करायला आणतात ना ते. तू पॉज कर. बघ, गाठ दिसतो.”

पॉज केलं. गाठ दिसत होती. मला शंकाच आली नव्हती, असं मी म्हणणार नाही. मी पॉज केलं नव्हतं, एवढंच.

“कोणाला कळणार आहे?” बोलावून दाखवल्यावर ग्रॅहम म्हणाला.

“मला कळलं. मी साइन नाही करणार,” नीना त्याला म्हणाली.

शुक्रवारी पिक्चर लॉक होतं, म्हणजे त्यानंतर चित्राला कोणी हात लावायचा नाही. आज बुधवार. ग्रॅहमचा तोडगा सोपा होता: पक्ष्याचा सगळाच भाग काढून टाकू, सिंह थोडे लांबवू. सिंहांबद्दल कधी कोणी तक्रार करत नाही.

पण हा भाग म्वांगीने शूट केला होता. म्वांगी नैरोबीचा कॅमेरामन. इथल्या फिल्मसाठी त्याचं हे पहिलंच काम, आणि या फिल्ममध्ये त्याचं तेवढंच होतं. तो भाग गेला की फिल्मच्या शेवटी येणाऱ्या यादीतलं त्याचं नावही जाणार. चूक माझी आणि नाव त्याचं! हे मला फार लागलं.

“एक दिवस दे,” मी म्हणाले.

“उद्या लंचपर्यंत.”

मग नीनाला तो प्रश्न विचारला, जो आठवडाभर आधी विचारायला हवा होता. साप खरंच जातो कुठे?

“पोटात. आय मीन, गळ्याजवळ पिशवी असते. तो साप गिळतो, घरी येतो, मग पिल्लासाठी परत बाहेर काढतो.”

“म्हणजे रिकामी चोचच खरी होती?”

“ऑफ कोर्स. तू विचारला असता तर मी सांगितला असता.”

गुरुवारी सकाळी मी म्वांगीच्या नोंदी उघडल्या. कुठल्या क्लिपमध्ये काय आहे, हे कॅमेरामन लिहून पाठवतो. मला वाचायचा कंटाळा. मी थेट चित्र पळवत बघते, इतकी वर्षं त्यावर निभावलंय. एका क्लिपपुढे त्याने ठळक अक्षरात लिहिलं होतं: पिल्लाला साप देतानाचा क्षण. यासाठी अकरा दिवस बसलो. प्लीज, हा वापरा.

ही क्लिप मी पाहिली होती, चौपट वेगाने. पक्षी नुसती मान हलवतोय असं वाटून बाजूला टाकली होती. आता नेहमीच्या वेगाने लावली. पक्ष्याने मान वाकवली, दोन आचके दिले. चोचीतून सापाची शेपटी बाहेर आली. पिल्लाने ती पकडली आणि मागे रेटा देऊन ओढायला लागलं. मी खुर्चीतून उठलेच.

शिकारीनंतर पक्षी साप गिळतो, तेही रशेसमध्ये होतं. चोचीत साप उचलला तिथेच कट स्वच्छ दिसतो म्हणून पुढचं न बघताच मी ते उडवलं होतं. ते परत जोडलं, काठी काढली.

“लोक हे जेवताना बघतात, वैशाली,” ग्रॅहम तोंड वाकडं करून म्हणाला.

“पिल्लूही जेवतंच आहे.”

नीनाने सही केली. सिंह होते तेवढेच राहिले आणि म्वांगीचं नावही राहिलं.

मी त्याला फोन करून कळवलं. तो म्हणाला, “थँक यू. मला वाटायचं, एडिटर लोक आमच्या नोंदी वाचतच नाहीत.”

“वाचतो तर!” मी म्हणाले.

नीना तेव्हा खोलीत नव्हती, हे नशीब. त्या दिवसापासून मात्र आधी नोंदी वाचते, मग चित्र बघते.