बाकी मागणारा माणूस

"आधी डिझेल," असं म्हणून मामा शर्टाच्या आतल्या खिशावर पंजा दाबायचे. गायकाने पान मागो, ढोलकीवाल्याने उचल मागो, उत्तर तेच.

एप्रिल-मेमध्ये आमची भीमगीतांची पार्टी नाशिकहून जिल्हाभर फिरायची. आठ माणसं, एक भाड्याची गाडी आणि खर्च मामांच्या हातात. नांदगावच्या स्टँडवर त्यांनी आठ जणांत पाच चहा सांगितले. हॉटेलवाला म्हणाला, "तिघांचा उपास का?"

"ते गाणारे हायेत. चहानं घसा बसतो."

गायक आजही त्यावर चिडतात.

अशा माणसाला तुम्ही-आम्ही चिकट म्हणतो. मीही म्हणायचो. मी पत्रकं लिहायचो, स्टेजवर निवेदन करायचो. मामा मला 'पत्रकवाले' म्हणत.

पण मानधनाची बाकी वसूल करणं आमच्यात फक्त त्यांना जमायचं. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले शेवटच्या गाण्याआधी. मामा आयोजकाशेजारी जाऊन गप्प बसायचे. पाकीट हातात पडलं की आमच्याकडे बघून मान हलवायचे. मगच शेवटचं गाणं.

त्या वर्षी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, शुगरची. डॉक्टर म्हणाले, लगेच दाखल व्हा. मामा म्हणाले, "पैसे बाजूला काढलेत. शेवटचा कार्यक्रम झाला की जातो."

तो कार्यक्रम विंचूरजवळच्या एका गावात होता. डीजेवाल्याचे पूर्ण पैसे मंडळाने आदल्या दिवशीच दिले होते. डीजेवाल्याला कोणी चळवळ शिकवत नाही! मामा अध्यक्षांशेजारी बसलेलेच होते आणि मी माईकवर पेटलो, "आम्ही पैशासाठी गात नाही! तुमचा रुपया नको, विचार घ्या!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अध्यक्षांच्या. त्यांनी स्टेजवर येऊन मला हार घातला आणि खाली उतरून सरळ गाडीत बसून गेले. मामांनी मान हलवली नाही. समोर बायाबापड्या बसलेल्या, आम्ही गायलो.

सकाळी नाशिकला मामांनी प्रत्येकाच्या हातावर ठरलेले पैसे ठेवले.

"मिळाली का बाकी?" मी विचारलं.

"लय भारी बोलला तुम्ही, पत्रकवाले."

ते पायाचे पैसे होते, हे फार उशिरा कळलं. भर सभेत मी नको म्हटल्यावर मामा कोणत्या तोंडाने मागणार होते? दाखल व्हायला महिना गेला. पाय गुडघ्याखाली कापला, तरी विष अंगात पसरलं.

मामा गेल्यावर पुण्यानुमोदनाला अध्यक्ष आले, छातीएवढा हार घेऊन. "वहिनी, चळवळीचा मोठा माणूस गेला."

मामी म्हणाल्या, "नऊ हजार राहिलेत तुमच्याकडं."

"हा विषय आत्ता नको."

"मग कधी? ते लाजत राहिले. मला लाजून भागत नाय."

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. "यांनीच तर माईकवर सांगितलं, रुपया नको म्हणून. विचारा यांना."

मामी माझ्याकडे वळल्या. मामांनी हे त्यांना सांगितलंच नव्हतं.