दुसऱ्या मजल्यावरची मुलाखत

मुलीच्या बॅगेत एकेकटे मोजे साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. आधी कायदा शिकले, मग तत्त्वज्ञानात पीएचडी. आता नारायणगुड्याच्या एका लॉ कॉलेजात अपंगांचे हक्क शिकवते. व्हीलचेअरवरून, सहा वर्षं कंत्राटावर. कायम होणार की नाही, या काळजीत निम्मं डोकं. उरलेलं निम्मं घरी, तीन वर्षांच्या सईपाशी.

*

पहिल्या दिवशी काचीगुड्याहून ऑटो केली. ऑटोवाल्यानं गेटवर चेअर उतरवून दिली, पाटीवरचं ‘लॉ’ एवढंच वाचलं आणि हळहळला, "मॅडम, आपका केस कब से चल रा?"

"पैदाइश से, भाई!"

*

सासूबाई म्हणाल्या, "कायद्याचं समजू शकते गं. तत्त्वज्ञान कशाला?"

"केस हरल्यावर काय करायचं, ते कायद्यात नाही ना, आई!"

*

एकदा वर्गात रंगात आले होते. "स्वतःचा निर्णय स्वतः घेणं हा माणसाचा हक्क!" तेवढ्यात घरून फोन. मी (माझ्या मते) हळूच म्हटलं, "नाही म्हणू दे! स्वेटर घालाच तिला!"

मागच्या बाकावर नल्लकुंट्याची एक मराठी मुलगी बसते. "मॅडम, तिची संमती?"

स्वेटर मात्र घातला गेला.

*

अपंग दिनाला कॉलेजनं माझा सत्कार ठेवला. शाल स्टेजवर, स्टेजला चार पायऱ्या, मी खाली. निवेदक म्हणाला, "मॅडमच्या जिद्दीसाठी टाळ्या!" मी माइक मागून घेतला. "जिद्द भरपूर आहे. रॅम्प द्या!"

शाल तेवढी खाली आली. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "जास्त बोलले का रे?"

"शाल चांगली आहे," तो म्हणाला.

*

आणि परवाची मुलाखत. कायम नोकरीची! दुसरा मजला, लिफ्ट नाही. शिपाई यादगिरी म्हणाला, "फिकर नक्को मॅडम, चार जने उठा लेते."

"सामान उठाते, यादगिरी. कमिटी को नीचे बुलाओ!"

बोलून गेले आणि वाटलं, गेली नोकरी!

वीस मिनिटांनी कमिटी उतरली. जिन्याखालीच टेबल मांडलं. अध्यक्ष म्हणजे सत्तरीचे निवृत्त न्यायाधीश, गुडघे चोळत बसले. "लहान मूल, त्यात हे असं... झेपेल तुम्हाला?"

"मला सहा वर्षं झेपतंय, सर. कॉलेजलाच झेपत नाहीये!"

मुलाखत संपली. निकालाचे कागद करायला सगळ्यांना परत वर जायचं होतं. बाकीचे चढले. अध्यक्ष कठडा धरून पहिल्याच पायरीवर थांबले आणि वर बघत राहिले.

मी पर्समधून लिफ्टसाठीचा अर्ज काढून पुढे केला.

"सर, सही इथे."