कोंबडीची आंघोळ

अहेरीच्या ऑफिसात फायली सांभाळून मी रिटायर झालो आणि नागभीडजवळच्या आमच्या गावी परत आलो. बायकोने कोंबड्या पाळायचं ठरवलं होतं. मी त्यात लक्ष घालायचं ठरवलं. गावात कोंबड्या मोकळ्याच हिंडतात, पण त्या वर्षी आमच्या आळीतून बिबट्याने दोन-चार उचलून नेल्या होत्या. म्हणून घरामागच्या सांदवाडीत मी पक्कं खुराडं बांधून घेतलं. चारी बाजूंनी जाळी, वर टिन, खाली गुळगुळीत सिमेंट. आत सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः फिनाईल टाकून फरशी धुवायचो आणि स्टीलच्या थाळीत तांदळाची कनकी वाढायचो. शेजारच्या बाई बघायला आल्या नि म्हणाल्या, आमच्या घरापेक्षा हे बरं आहे. ते मी आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो.

महिन्याभरात कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. त्यांतली लाल कोंबडी तर मागून पार बोडकी झाली. मी दाणा वाढवला, पाण्यात व्हिटॅमिन टाकलं, फरशी तिसऱ्यांदा धुऊ लागलो.

बायको म्हणाली, "दिवसभर करतीन काय त्या? तुमच्यासारखंच झालं त्याईचं. रिटायर."

एका सकाळी मी फरशी घासत असताना लाल कोंबडी माझ्या पायांमधून सटकली. शोधत गेलो तर शेजारच्या बाईंच्या चुलीच्या राखेत आडवी पडलेली. एक पाय ताणलेला, एक पंख फडफडतोय, डोळे अर्धे मिटलेले, मान वाकडी. मानमोडीचा रोग आला की कोंबड्यांच्या माना अशाच वळतात, हे मला ऐकून माहीत होतं. मी तिला दुपट्ट्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि स्कूटर थेट जनावरांच्या दवाखान्यात नेली. वाटेत ती हूं की चूं करेना. गेली, असंच मी धरून चाललो.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कोंबडीचे डोळे पाहिले, चोच उघडून पाहिली आणि चालते कशी ते बघायला तिला अंगणात सोडलं. कोंबडी अंग झाडून उठली, गुलाबाच्या नुकत्याच खणलेल्या आळ्यापर्यंत ताठ चालत गेली आणि तिथे धाडकन आडवी झाली. पुन्हा तोच पाय, तोच पंख, तीच मान. मी म्हटलं, बघा मॅडम, आला झटका.

मॅडम आळ्याजवळ जाऊन वाकल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, ही मरून नाई राह्यली, आंघोळ करून राह्यली."

कोंबड्या पाण्याने नाही, मातीने आंघोळ करतात, त्याने उवा जातात, पिसं मोकळी होतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांना उकरायला जमीन लागते, निजायला उंच जागा लागते. काहीच करायला नसलं की त्या एकमेकींच्या पिसांवर उतरतात. "तुमच्या खुराड्यात माती कुठी आहे?" त्यांनी विचारलं. कणभरही नाही, हे उत्तर मी इतके दिवस छाती फुगवून देत आलो होतो. आता ते तोंडातल्या तोंडात दिलं.

कोंबडीची आंघोळ संपेपर्यंत आम्हाला थांबावं लागलं. मागे बकरी घेऊन उभा असलेला माणूसही निमूट थांबला.

घरी येऊन मी सब्बल घेतली आणि खुराड्याच्या फरशीचा एक कोपरा फोडला. त्या खड्ड्यात माती, रेती आणि शेजारच्या बाईंनी दिलेली टोपलंभर राख टाकली. देताना बाई हसल्या. उरलेल्या फरशीवर धानाचं वाळलेलं तनीस पसरलं आणि कनकी थाळीऐवजी त्यात उधळली. बसायला आडवे बांबू बांधले.

लाल कोंबडी आधी खड्ड्यात उतरली. बाकीच्या काठावर खोळंबून राहिल्या. कोंबडा पाठ करून उभा होता. सगळ्यांचं आटोपल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तोही लोळला. धुळीचा लोट उठला तो नेमका बायकोच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसला. त्यावर ती जे बोलली त्यानंतर मी कपड्यांची दोरी समोरच्या अंगणात नेऊन बांधली.

पिसं उपटणं हळूहळू थांबलं. लाल कोंबडीला नवी पिसं सगळ्यात शेवटी आली. तोवर आंघोळीला पहिला नंबर तिचाच असायचा, आणि बाकीच्या तिला तो देत.