रनिंग बॅकचा कबुलीजबाब

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. काळ २००५ च्या आसपासचा. अ‍ॅरिझोनात, चँडलरजवळच्या एका शहराच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनचालकांचा शोध हे माझं काम. अशा तपासात घाई करावी लागते, कारण फुटलेला दिवा बदलायला फार वेळ लागत नाही.

सकाळी फिरायला निघालेल्या एका वृद्धाला वळणावर पिकअप ट्रकची धडक बसली होती. कमरेचं हाड मोडलं होतं. गृहस्थ नागपूरचे, निवृत्त, इंजिनिअर मुलाकडे काही महिन्यांसाठी आलेले. जागेवर दिव्याच्या काचा आणि बाजूच्या आरशाचं काळं कवच सापडलं. प्राथमिक अहवालात नोंद एवढीच: गाडी मोठी, गडद रंगाची, चालक धिप्पाड. मला मराठी येतं म्हणून सविस्तर जबाबासाठी मी इस्पितळात गेलो.

“काका, नमस्कार. मी पोलिसांकडून आलोय.”

त्यांनी आधी बिल्ला पाहिला, मग माझा चेहरा. “मराठी माणूस, अन् अमेरिकेच्या पोलिसात? घरच्यांनी जाऊ दिलं?”

“वडील डॉक्टर आहेत. अजूनही विचारतात, मेडिकलला कधी जातोस म्हणून.”

काका हसले, पण कमरेत कळ आली तसे थांबले. गाडी धडकल्यावर थांबली होती का, असं मी विचारलं.

“थांबली म्हणजे! तो उतरला ना. दारात मावणार नाही एवढा माणूस. खाली बसला अन् मला लेकरासारखं उचलून बस स्टॉपच्या बाकावर नेऊन ठेवलं. स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. अन् मग मलाच विचारतो, लेफ्ट की राइट? मी म्हटलं, हॉस्पिटल. तो पुन्हा तेच, लेफ्ट की राइट? मग बसला गाडीत अन् गेला.”

खिडकीपाशी उभा असलेला मुलगा मध्ये पडला. “बाबा, प्लीज. सर, ही वॉज इन शॉक. कालपण हेच सांगत होते. मीच त्या ऑफिसरला म्हटलं, हे इग्नोर करा.”

“मार माझ्या कमरेला लागलाय,” काका म्हणाले, “डोक्याला नाही.”

मी त्यांचा जबाब शब्दशः लिहून घेतला. पळून जाणारा चालक जखमीला पाणी पाजत नाही आणि पाणी पाजणारा पळून जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या असतील तर मला काहीतरी कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. बाईचा आवाज. खेळाडूंच्या दुखापतींवर व्यायाम करून घेणाऱ्या एका केंद्राचं नाव सांगून ती म्हणाली, “बाहेर एक काळी पिकअप उभी असते. उजवा दिवा फुटलाय, आरसा नाहीये. माणूस चांगला आहे, म्हणून माझं नाव विचारू नका.” काचांचे तुकडे त्या गाडीच्या दिव्याशी जुळले. नोंदणी ज्याच्या नावावर होती तो व्यावसायिक फुटबॉलमधला रनिंग बॅक होता.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा. यात चेंडू छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं असतं, आणि ते काम रनिंग बॅकचं. त्याच्या पुढे फुलबॅक धावतो. तो आडवं येणाऱ्याला स्वतःच्या अंगावर घेतो आणि मागच्यासाठी वाट मोकळी करतो. टाळ्या मागच्याला मिळतात, मार दोघांनाही.

चौकशीआधी संशयिताची माहिती काढणं हा नित्याचा भाग. हा माणूस टेक्सासमधल्या एका छोट्या गावचा. वडील नाहीत, आई कोंबडीचं मांस पॅक करणाऱ्या कारखान्यात कामाला. शाळेत गावाने डोक्यावर घेतला, कॉलेजने पळवून नेला. व्यावसायिक संघाने निवडीच्या शेवटच्या टप्प्यात घेतला, कारण उंची कमी. पहिलं वर्ष बाकावर बसून गेलं. २००१ नंतरचे तीन मोसम मात्र त्याचे होते. मग उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि हा मोसम संपताच संघाने मोकळं केलं. तिशीही न गाठलेला माणूस माजी खेळाडू झाला होता. आमच्या या उबदार हवेच्या शहरात तो गुडघा परत मिळवायला आला होता. त्याचा फुलबॅक त्याच संघात अजून टिकून होता. सुट्टीतला सराव करायला तोही शेजारीच राहत होता.

आम्ही बोलावलं तसा तो लगेच आला. सोबत फुलबॅक होता, तो बाहेर बसला. मी हक्क वाचून दाखवले. वकील हवा का, असं विचारलं.

“नको. मीच गाडी चालवत होतो. मीच धडकलो. कुठे सही करू?”

मी अजून एकही प्रश्न विचारला नव्हता.

“त्यानंतर काय केलंत?”

“घाबरलो. निघून गेलो.”

“उतरला नाहीत?”

“उतरलो. बाजूला केलं त्यांना.”

“कसं?”

“कसं म्हणजे? उचललं.”

कोपऱ्यात छपाईच्या कागदांचं जड खोकं होतं. ते मी जमिनीवर मधोमध ठेवलं. “असेच पडले होते ना? दाखवा.”

तो उठला. डावा गुडघा वाकला, उजवा वाकेना. पाय सरळ बाजूला काढून, टेबलाचा आधार घेऊन तो कमरेतून झुकला. कपाळावर घाम आला. खोकं हललं, उचललं गेलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसून म्हणाला, “काही महिन्यांपूर्वी या असल्या खोक्यासकट मी तुम्हालाही उचललं असतं, डिटेक्टिव्ह.”

“या पायाने ब्रेक दाबता येतो?”

“सही कुठे करू ते सांगा.”

कबुली खोटी आहे हे आता उघड होतं. खरा चालक कोण, ते मिनिटभरात कळलं. थोडं थांबू म्हणून मी त्याला बाहेर आणलं. आमच्या ठाण्यात स्वागतकक्षाच्या पुढे दोन वाटा फुटतात. डावीकडे पाण्याचं मशीन, उजवीकडे बाहेरचं दार. फुलबॅक त्या फाट्यावर उभा होता. काही वेळापूर्वी तो त्याच दारातून आत आला होता. आता एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. रनिंग बॅक लंगडत त्याच्या मागून गेला आणि एक शब्द न बोलता त्याच्या कमरेच्या उजव्या बाजूला दोन बोटं टेकवली. तो अवाढव्य माणूस उजवीकडे वळला आणि चालू लागला.

लेफ्ट की राइट? काकांचा जबाब मला तेव्हा समजला.

दोघांना वेगळं बसवलं. फुलबॅक शांतपणे बोलला. हो, मित्राला व्यायामाला मीच सोडतो. त्या सकाळीही सोडलं. धडक? नाही, सर. तसं झालं असतं तर मी थांबलो असतो. मी असा माणूस नाही. रोज खोटं ऐकून कान तयार झालेले असतात. तो खोटं बोलत नव्हता.

मी रनिंग बॅककडे परत गेलो.

“किती दिवस त्याला वाट दाखवताय?”

तो उजवा गुडघा चोळू लागला.

“मैदानावरही असंच?”

मग तो बोलू लागला. आदल्या मोसमात फुलबॅकच्या डोक्याला सलग मार बसले. संघात अशा वेळी बोटं मोजायला लावतात, खेळाडू बरोबर सांगतो आणि परत आत जातो. ‘घंटा वाजली’ म्हणतात त्याला, आणि हसतात. पुढे पुढे फुलबॅकला ठरलेली चाल लक्षात राहीना. चेंडू सुटण्याआधी हा मागून त्याच्या कमरेला हात लावायचा. डावा हात, डावीकडे. उजवा, उजवीकडे. कुणाला कळलं नाही. तीन मोसम ज्याने वाट काढून दिली, त्याला वाट दाखवायची, यात याला काही वावगं वाटलं नाही.

“मला तर काढलंच आहे,” तो म्हणाला. “माझं काय जायचं राहिलंय? त्याचा अजून करार आहे, बायको आहे, दोन मुली आहेत. डोक्याचं कळलं तर उद्या घरी बसवतील. मला तुरुंगात टाका ना. मी आनंदाने जातो.”

“मुलींना शाळेत कोण सोडतं?”

त्याने वर पाहिलं.

“कोण सोडतं?” मी पुन्हा विचारलं.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग खरा जबाब दिला. त्या दिवशी परत न्यायला आलेल्या मित्राला त्याने फुटलेल्या दिव्याबद्दल विचारलं होतं. मित्र गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, “अरे, तुझी गाडी कुणी ठोकली?”

मेंदूच्या तज्ज्ञांनी फुलबॅकला तपासलं. त्याचं खेळणं थांबलं, वाहन परवाना गेला. खोटी माहिती दिल्याबद्दल रनिंग बॅकला समाजसेवेची शिक्षा झाली. फुलबॅकच्या शिक्षेच्या सुनावणीला काका चाकाच्या खुर्चीतून आले. जखमीला न्यायाधीशांपुढे बोलण्याचा हक्क असतो. मुलगा कानाशी कुजबुजत होता, “बाबा, शॉर्टमध्ये बोला.” काका मराठीत बोलले आणि न्यायालयाच्या परवानगीने मी भाषांतर केलं. “हा मला टाकून पळाला नाही. हा मला विसरला. याला आत घालून काय होणार? याच्याजवळ कुणीतरी माणूस ठेवा.” न्यायाधीशांनी तुरुंगवास दिला नाही.

बाहेर रनिंग बॅक माझ्यापाशी आला. “तुम्ही बरोबर होतात,” तो म्हणाला. “तरी तुम्ही मला आवडत नाही.”

“चालेल,” मी म्हणालो.

गुन्हा लपवणारे स्वार्थी असतात, हे धरूनच आम्ही चौकशीला बसतो. त्या प्रकरणानंतर कुणी न मागता कबुली दिली की, हा कुणासाठी आलाय, हे मी आधी बघू लागलो. दुसरी गोष्ट शिकायला जास्त वेळ लागला. त्या माणसाची माया खरी होती. त्याच मायेने त्याच्या मित्राला मोसमभर नव्या माराखाली नेलं, आणि शेवटी एक निरपराध माणूस गाडीसमोर आला. चौकशीच्या खोलीत मला गुन्हेगार सापडला नाही. एकमेकांना सांभाळणारे दोन थकलेले खेळाडू सापडले, आणि कायद्याच्या पुस्तकात त्यांच्यासाठी नेमकं कलम नव्हतं.

समाजसेवा म्हणून त्याला एका शाळेच्या संघाला शिकवायला लावलं होतं. मुदत संपली तरी तो तिथेच राहिला. २००८ च्या शरद ऋतूत मी एक सामना पाहायला गेलो. त्याचा सर्वात वेगवान पोरगा आपटला, उठला आणि जरा झोकांडला. त्यांचा संघ गुणांत मागे होता. रनिंग बॅक लंगडत मैदानात गेला, पोराला बाहेर आणून बसवलं, त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि स्वतःच्या काखेत धरलं.

मागून पोराचा बाप ओरडत होता, “कोच, तो ठीक आहे! खेळू द्या त्याला! काय चाललंय तुमचं?”

त्याने मागे वळून पाहिलं नाही. सामना ते हरले. हेल्मेट शेवटपर्यंत त्याच्या काखेत होतं.