बिनशिवणीचा अंगरखा

रोजीनच्या घरात दिवस कोंबड्याच्या आरवण्यानं सुरू होत नसे. तिचा नवरा पास्कोल मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे, ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून एकदा तळहात फिरवी आणि म्हणे, "हं, वाच." तिथून दिवस सुरू होई.

ठाण्याच्या तळ्यामागच्या त्या गल्लीत एके काळी दर घरात रेशमाचा माग होता. आता सगळ्या गावात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पास्कोलचा त्यांतला एक. क्रिस्तांव विणकरानं विणलेलं रेशीम नेसून गावातले भटजी सोवळ्यात पूजेला बसत, आणि याचं कुणालाच काही वाटत नसे. पास्कोलला तेवढं गालात हसू येई.

रोजीन उंबऱ्याजवळ उजेडाला बसे. मांडीवर एक पातळसं पुस्तक, योहानाचं शुभवर्तमान. भाचीच्या लग्नाला कल्याणला गेली असताना तिथल्या बाजारात दुसऱ्या पंथाच्या मिशनचा एक माणूस पुस्तकांची पेटी उघडून बसलेला तिला दिसला. लुगडं घ्यायला गेलेली रोजीन पुस्तक घेऊन परत आली. लहानपणी बाळकुमला, आंब्याखाली भरणाऱ्या शाळेत दोन हिवाळे ती अक्षरं शिकली होती. ती इतक्या वर्षांनी कामाला आली. देवळातले पाद्रीबाबा म्हणाले, "वाचता तर वाचा. फक्त मला दाखवू नका. दाखवलंत तर मला काहीतरी बोलावं लागेल."

रोज चार-पाच ओळी. वाचून झालं की पास्कोल त्यातून एक धडा काढी, त्या दिवसापुरता. "एकच काढायचा," तो म्हणे, "दोन काढलं तर एक बी टिकत नाय."

काना गावच्या लग्नातला द्राक्षारस संपला, प्रभूच्या सांगण्यावरून चाकरांनी रांजण पाण्यानं काठोकाठ भरले आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला, ते वाचलं त्या दिवशी पास्कोल म्हणाला, "चाकरांना काय ठावं फुडं काय होनार? त्यांनी आपलं पानी भरलं. पन काठोकाठ भरलं. आपन बी अर्धी कांडी भरायची नाय." रोजीननं त्या दिवशी बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, सगळ्या कांड्या अशा गच्च भरल्या की एक मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातच अडकून बसली. पाच भाकरींत हजारो लोक जेवले त्या गोष्टीत उरलेले तुकडे टोपल्यांत गोळा केले, तेव्हापासून मागाखाली पडलेले धाग्यांचे तुकडे केरात जाईनात. त्यांची पास्कोलनं एक रंगीबेरंगी दोरी वळली. तीच पुस्तकातली खूण झाली. आणि प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो दिवस तर गल्ली विसरली नाही. पास्कोल भर अंगणात रोजीनचे पाय धुवायला बसला. तेवढ्यात चेंदणीची कोळीण कलावती मासळीची पाटी घेऊन आली.

"काय रे पास्कोल, लगीन परत लावतोस काय?"

"नाय गो. आजचा धडा हाय."

"अगो बाय! मंग आमच्या घोवाला बी दे एक पुस्तक. तीस वर्सं झाली, त्यानं स्वताचं पाय धुतलं तरी मी गंगेला नारळ वाहीन."

रोजीन हसता हसता पाटावरून पडायची राहिली.

पण एक गोष्ट रोजीननं कुणाला सांगितली नव्हती. पावसाळा सरल्यापासून अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसू लागली होती. आधी वाटलं, दिवा मिणमिणता आहे. मग वाटलं, आभाळ आलंय. मग आभाळ निघून गेलं तरी धुकं तसंच राहिलं. तिच्या आईच्याही डोळ्यांत असाच मोती उतरला होता. आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावून प्रभूनं त्याला तळ्यात धुवायला पाठवलं, ते वाचलं त्या दुपारी ती एकटीच तळ्यावर गेली आणि तिनं डोळ्यांवर ओंजळी मारून घेतल्या. डोळे गार झाले, इतकंच. परत येताना मात्र तिच्या लक्षात आलं की ती पायवाट तळपायांनीच ओळखत आली, आणि कुठे ठेच लागली नाही. त्या दिवसाचा धडा तिनं स्वतःपुरता तोच काढला.

तिला एकच हवं होतं. प्रभू थडग्यातून उठला ती पहाट एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची. देवळात ती जन्मभर लॅटिनमध्ये ऐकली होती. आपल्या भाषेत, आपल्या मांडीवर, बोटाखाली एकदा यायला हवी होती. पानं थोडीच राहिली होती. डोळे तेवढे पुरतील, असा तिचा हिशेब होता.

उपवासाच्या चाळीस दिवसांतला पहिला आठवडा होता. वाचन क्रुसापाशी आलं. शिपायांनी प्रभूचे कपडे वाटून घेतले. अंगरखा मात्र फाडला नाही, कारण त्याला शिवण नव्हती. वरपासून खालपर्यंत तो एकसंध विणलेला होता.

"थांब," पास्कोल म्हणाला. "परत वाच."

तिनं वाचलं.

"बाजूला बी शिवन नाय?"

"नाय."

"खांद्याला?"

"मी काय शिंपीन हाय? नाय म्हटलंय त्यात."

पास्कोलचा हात ताण्यावर तसाच राहिला. "कुनी विणला आसंल गो?"

"त्याच्या आईनं आसंल."

"आनि तो शिपायांनी नेला."

"नेला. चिठ्ठ्या टाकून."

त्यानं धोटा बाजूला ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मंग तिसऱ्या दिशी उठला तवा अंगात काय घातलं त्यानं?"

"देवळातल्या चित्रात पांढरं फडकं हाय की."

"ते चितारनाऱ्यानं लाजंकाजंसाठी काढलंय. पुस्तकात हाय का?"

"फुडं वाचल्याबिगर कसं कळंल?"

"फुडं नाय जायाचं," पास्कोल म्हणाला. त्यानं हात लांब करून रंगीत दोरी पानावर नीट ठेवली. "एक अंगरखा आपन विणू. तो होईस्तवर दोरी हितंच."

"अवो, पन प्रभू क्रुसावर हाय! तुमचं कापड होईस्तवर त्याला तसाच ठेवायचा?"

"तो उठला त्या पास्काच्या सणाला पाच हप्ते हायत. तो समजून घेईल. सुताराघरचा हाय. हातातलं काम अर्धं टाकून उठायचं नसतं, हे त्याला ठावं हाय."

रोजीननं मनात मोजलं. पाच आठवडे. तिनं बोटाखालच्या ओळीकडे पाहिलं. ओळ हलत होती.

त्या दिवसापासून रोज सकाळी तीच एक ओळ. "हं, वाच," तो म्हणे, ती वाची, आणि तो त्या ओळीत काही नवं दडलंय का ते ऐकत राही. ताण्याचे दोन पदर करायचे, एकावर एक. धोटा वरच्या पदरातून जायचा आणि खालच्यातून परत यायचा. मग दोन्ही कडा आपोआप जुळतात आणि कापड नळीसारखं गोल होतं. बोलायला सोपं, पण पायाखाली दोन फळ्या वाढवाव्या लागल्या, आणि कुठली कधी दाबायची यात त्याचे दोन आठवडे गेले. रोज नवी चूक होई आणि रोज तो स्वतःवरच हसे. "आईनं विणलाय, आईनंच! बाप्याचं काम नाय हे."

शाळेचे प्रभाकरपंत मास्तर विणायला टाकलेल्या आपल्या रेशमी सोवळ्याची चौकशी करायला हल्ली फार येऊ लागले. रोजीन पाण्याला निघाली की ते मागाजवळ येऊन बसत, आणि ती परतली की दोघं गप्प होत. सोवळं वेळेवर झालं नाही म्हणून मास्तर कुरकुरत असणार, असं तिनं धरलं. कलावती मात्र खुशीत होती. "तुमचा उपास म्हंजे माझा सण. मटन बंद, मासळी चालू. असंच वरीसभर उपास करा!"

तिसऱ्या आठवड्यात रोजीनला अक्षरं दिसेनाशी झाली. दिसत होत्या त्या नुसत्या राखाडी पट्ट्या. पण ओळ पाठ होती. ती पुस्तक मांडीवर घेई, बोट फिरवी आणि म्हणून टाकी. पास्कोलच्या एकाच ओळीवर अडून बसण्याचा तिला राग आला होता, त्यानंच आता तिला झाकून घेतलं. एकदा तिच्या हातून निळ्याच्या जागी हिरवी कांडी गेली. पास्कोलनं ती मुकाट्यानं काढली आणि दुसरी घेतली. त्याच्या लक्षात आलं नाही बहुतेक, असं मनाशी म्हणून तिनं पुढची कांडी भरायला घेतली. पण आतून तिला कळत होतं, दोरी ज्या दिवशी पुढे सरकेल त्या दिवशी सगळं उघडं पडेल. मग वाचन बंद. मग "हं, वाच" कुणाला म्हणायचं? तिला ती पहाट हवी होती आणि आता तिचीच भीती वाटत होती.

प्रभूच्या मरणाच्या मोठ्या शुक्रवारच्या आधी दोन दिवस पास्कोलनं कापड मागावरून कापलं. वीतभर लांबीचा, बाहुलीच्या मापाचा नमुना होता. पण खरंच, बाजूला कुठे शिवण नाही! त्यानं तो रोजीनच्या हातात ठेवला. तिनं कडा चाचपल्या, वरून खाली, खालून वर. मग पुन्हा वर.

"अवो."

"काय?"

"डोकं कुठनं घालायचं?"

पास्कोलनं कापड घेऊन पाहिलं. पुस्तकात वरपासून विणलंय म्हटलं, म्हणून त्यानं वरपासून सुरुवात केली होती. आणि कुठल्याही कापडाचं तोंड पहिल्यांदा घट्ट बांधून घ्यायचं, ही चाळीस वर्षांची सवय. दोन्ही पदर त्यानं वरच्या टोकाला एकत्र विणून टाकले होते. गळा नाही, हात नाहीत. खाली तेवढं उघडं.

नेमकी तेव्हाच कलावती दारात आली. तिनं पाहिलं आणि पाटी खालीच ठेवली. "पास्कोल, ही तर पिशवी! देवाला पिशवीत घालतोस काय?"

तिघंही इतकी हसली की शेजारच्या घरातली कोंबडी उडून कौलावर जाऊन बसली. हसणं ओसरलं तेव्हा पास्कोलनं पुस्तक उचललं आणि त्या कापडात घातलं. अगदी बेतानं बसलं. "जाऊ दे," तो म्हणाला, "पुस्तकाला अंगरखा झाला."

"आनि प्रभूला?"

"आता दुसरा विणायला येळ नाय. रविवारी उठू दे त्याला. बगू तरी काय घालतो."

पास्काच्या रविवारी देवळातून येईपर्यंत चांगलं उजाडलं होतं. सणाचा दिवस, माग बंद. तरीही पास्कोल सवयीनं खड्ड्यात पाय सोडून बसला आणि ताण्यावरून हात फिरवला. "हं, वाच."

रोजीननं पिशवीतून पुस्तक काढलं. उंबऱ्यात ऊन आलं होतं. ते तिला मांडीवर जाणवत होतं. पानावर मात्र पट्ट्याच होत्या. तिनं बोट ठेवलं. तोंडातून जुनीच ओळ बाहेर पडली, "अंगरख्याला शिवण नव्हती..."

ती थांबली. पुढची ओळ तिला पाठ नव्हती.

पास्कोल खड्ड्यातून वर आला. मागावर बसला की दुपारच्या आधी तो कधी उठत नसे. तो तिच्याशेजारी उंबऱ्यात बसला, तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, फिरवलं आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं.

"उलटं होतं," तो म्हणाला.

रोजीननं पुस्तकावर तळहात ठेवला. "कवापासनं ठावं हाय?"

"तीन हप्ते. अक्षरं डोक्यावरच्या रेघंला लोंबतात, दांडीला लडी लोंबतात तशी. तुझ्या हातात ती रेघंवर उभी होती. मला वाचता येत नव्हतं, पन कापड उलटं धरलेलं कळतं."

"मंग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तू वाचायची थांबली असतीस." तो जरा खाकरला. "ती ओळ माझी बी पाठ झालती. तू पान्याला गेलीस की मी पुस्तक काढून बसायचो. कुठलं अक्षर काय बोलतंय ते ठावं होतं, नुसतं जुळवायचं होतं. नक्षी बगून विणतात तसं. त्या ओळीत जी अक्षरं नव्हती ती मास्तरांनी दिली. आता सरक जरा. उजेड आडवतेस."

त्यानं दोरी उचलली, पानं उलटली आणि बोट टेकवलं. एकेक अक्षर तो असं ओढून काढत होता की जणू गुंतलेल्या लडीतून धागा काढतोय. जोडाक्षर आलं की थांबे, पुटपुटे, पुन्हा मागून येई. रोजीन ऐकत होती. अंधार असतानाच मरिया थडग्यापाशी गेली. धोंड बाजूला होती. ती बाहेर रडत उभी राहिली, आणि मागे वळली तर कुणीतरी उभं होतं. तिला वाटलं...

"मा... ळी," पास्कोलनं वाचलं. "तिला वाटलं, हा मा-ळी हाय."

तो थांबला. रोजीन पुढे वाकली.

"माळी?"

"माळी लिवलंय. बग." आणि मग त्यालाच आपल्या बोलण्याचं हसू आलं. "बगू नको, ऐक. माळी!"

"म्हंजे अंगात माळ्याचे कपडे होते!"

"बागंतल्या माळ्यानं दिले आसनार! पहाटं पहाटं आला आसंल बिचारा झाडांना पानी घालाया, बगतो तर हा उभा. म्हटला आसंल, घे बाबा, माजा सदरा घाल." पास्कोलनं मांडीवर थाप मारली. "आनि मी पाच हप्ते रेशीम विणत बसलो! मातीचा सदरा घातला त्यानं, घामाचा!"

तो इतका आनंदला होता की पुढचं वाचायचं विसरला. रोजीननं त्याच्या दंडाला हात लावला. "फुडं वाचा. वळकलं का तिनं?"

त्यानं पुन्हा बोट टेकवलं. "ये-शू ति-ला म्ह... म्हणाला, म-रि-ये."

एवढंच. नुसती नावानं मारलेली हाक. ती रोजीनच्या अंगणात, ठाण्याच्या त्या गल्लीत, अडखळत अडखळत येऊन पोचली. रोजीनचे डोळे वाहत होते. ते पुसायची तिला घाई नव्हती.

"धडा काढा," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"रोज तू वाचतेस, मी काढतो. आज मी वाचलं. तू काढ."

रोजीननं विचार केला. पिशवीची शिवण नसलेली कड बोटांनी वरून खाली चाचपली.

"दुसऱ्यानं दिलेलं अंगात घालायला लाजायचं नाय," ती म्हणाली. "त्यानं घातलं. मंग मी कोन मोठी?"

पास्कोलनं रंगीत दोरी त्या पानावर ठेवली आणि पुस्तक पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचं सोवळं पुन्हा मागावर चढलं. रोजीन कांड्या भरायला बसली, आणि समोरच्या दोन लडी हातात धरून तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं विचारलं, "अवो, ह्यातली निळी कुठची?"

"उजव्या हातातली."

"काठोकाठ भरू?"

"काठोकाठ," पास्कोल म्हणाला. "पन अडकली तर तुझा धडा."