माईक त्याच्याकडे गेला तेव्हा

करपलेल्या पॉपकॉर्नचा वास आला की मला नगरचं ते थिएटर आठवतं. माझा मित्र आणि मी आमच्या काष्टी गावात बाजाराच्या दिवशी आमच्याच बोलीत रॅप म्हणायचो, म्हणून रॅपर हिरो असलेला तो गुंडांचा सिनेमा पहिल्याच दिवशी पाहायला गेलो. पडद्यावर नुसते जांभळे दिवे, धूर आणि संथपणे फिरणारी पिस्तुलं. इंटरव्हलला मित्र चिडून म्हणाला, "निस्ता देखावा हाय रं. एक तरी मानूस खरा वाटतो का?" मला अगदी पटलं. सिनेमा संपून बाहेर पडताच एका यूट्यूबवालीनं माईक पुढे केला आणि मी आमचं दोघांचं मत ठणकावून सांगितलं. मग माईक त्याच्याकडे गेला. त्यानं गॉगल चढवला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "जबरदस्त पिक्चर! याच्यासारख्या गावठी लोकांना नाही कळणार." गर्दी खदखदून हसली. परतताना मी त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसलो होतो. वाटेत त्यानं विचारलं, "व्हिडिओत बरा दिसंन ना रं मी?" त्या व्हिडिओखाली लोक मला अजून हसतात. सिनेमाबद्दल माझं मत आजही तेच आहे. त्याचंही तेच होतं, पण ते ऐकलेला मी एकटाच.